दिगंबरचा दम आणि माझं दुकान

मंगळवारी सकाळी सुधावहिनींचा, दिगंबरच्या बायकोचा, फोन आला तेव्हा काउंटरवर चार-पाच माणसं उभी होती आणि मी एका आजीबाईंना डोळ्यांत टाकायचे थेंब आणि कानात टाकायचे थेंब यांतला फरक समजावून देत होतो. वहिनी अमरावतीहून बोलत होत्या. आवाज अगदी नेहमीचा. "भाऊजी, ह्यांचं पुढच्या महिन्याचं औषध तुम्ही काढून ठेवलं होतं ना... ते परत रॅकवर लावून टाका." मी "बरं" म्हटलं. खरंच, एवढंच म्हटलं आणि फोन ठेवला. आजीबाईंच्या थेंबांचे पैसे घेतले, सुटे परत केले, आणि मग मागच्या खोलीत जाऊन औषधांच्या खोक्यावर बसून राहिलो. बाहेर कोणीतरी "ओ काका, आहे का कोणी?" म्हणून हाका मारत होतं.

दिगंबर नऊ दिवस अमरावतीच्या दवाखान्यात होता. शनिवारी मी त्याला भेटून आलो होतो. नाका-तोंडावर मास्क घट्ट बांधलेला, त्यामुळे बोलणं शक्य नव्हतं. त्यानं नुसता हात उचलून मनगटावरच्या नसलेल्या घड्याळाकडे बोट दाखवलं. म्हणजे, जा आता, दुकानाची वेळ झाली. मी आलो आणि तो घरी परत येणारच अशा खात्रीनं त्याचं महिन्याचं पाकीट बांधून ठेवलं...

आज त्याला जाऊन सव्वा महिना झाला. अकोल्यात ज्यांची लग्नं, वास्तुशांती, बारशी दिगंबर महाराजांच्या हातून झाली अशी घरं कितीतरी आहेत. त्याच्या आवाजाबद्दल ती माणसं माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. मी त्याच्या औषधांबद्दल लिहिणार आहे. मला तेवढंच नीट माहीत आहे आणि त्यातलं काही माझ्याशिवाय फार कुणाला माहीत नाही.

आठवीत आम्ही एका बाकावर आलो. मी हिवरखेडजवळच्या खेड्यातून मामाकडे शिकायला आलेलो, तो अकोल्यातल्या याज्ञिकाचा मुलगा. पहिल्याच हिवाळ्यात मला कळलं की याच्या छातीतून शिट्टी वाजते. वर्ग शांत असला की ऐकू यायची. गुरुजी म्हणायचे, "दिगंबरच्या छातीत मांजर बसलंय." सगळे हसायचे, तोही हसायचा. मैदानावर तो खेळायचा नाही, पंच व्हायचा. पण प्रार्थनेला उभा राहिला की मागच्या भिंतीपर्यंत आवाज जायचा. एवढासा मुलगा, बरगड्या मोजून घ्याव्यात असा, आणि आवाज मात्र मंदिरातल्या घंटेसारखा. त्याची आई त्याला अडुळशाचा काढा द्यायची, छातीला तेल चोळायची, आणि "मोठा झाला की जाईल" म्हणायची. तो मोठा झाला. दमा गेला नाही, थोडा गप्प राहिला एवढंच. पुढे दिगंबरनं वडिलांचं काम उचललं, मी फार्मसीचा डिप्लोमा करून दुकान टाकलं. आमच्याकडे भटजींना महाराज म्हणतात. पंचविशीतच तो दिगंबर महाराज झाला आणि मी त्याच्यासाठी नान्याच राहिलो.

त्याला लग्न लावताना ज्यांनी ऐकलं नाही त्यांना कसं सांगू. माइक त्याला चालायचा नाही. मंगलाष्टकाची ओळ उचलायचा ती शेवटच्या 'सावधान'पर्यंत एका दमात न्यायचा आणि तो 'सावधान' मांडवाबाहेर जेवणाच्या पंगतीत वाढणाऱ्यांनाही थांबवायचा. मध्ये मध्ये गमती. कौंडण्यपूरची रुक्मिणी म्हणजे आपल्याच वऱ्हाडातली पोरगी, तेव्हा इथं ज्याला बायको मिळाली तो देवाचा साडू, असं तो प्रत्येक नवरदेवाला ऐकवायचा. कुणबी असो, ब्राह्मण असो, सगळ्या घरांत त्याला बोलावणं असायचं. आणि प्रत्येक ठिकाणी होम. चाळीस वर्षं तो होमकुंडासमोर मांडी घालून बसला. डोळे पुसत, खोकत, आहुत्या देत. त्या धुराला आम्ही कुणी धूर म्हटलंच नाही.

पहिल्यांदा तो तुटला ते एका डॉक्टरच्याच मुलीच्या लग्नात. मी मांडवात होतो. तिसऱ्या अष्टकाच्या मधोमध आवाज थांबला. लोकांना वाटलं विसरला. दिगंबर आणि विसरणार! त्यानं हसून मुलीच्या आत्याकडे हात केला, "तुमी म्हणा ना ताई, सगळं मीच म्हणू काय?" आत्याबाई खूश झाल्या, पुढचं त्यांनी म्हटलं. मी त्याच्या खांद्यांकडे पाहत होतो. ते वरखाली होत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी तो दुकानात आला. गर्दी नाही असं पाहून आला. फॅमिली डॉक्टरांची चिठ्ठी पुढं केली आणि हळूच म्हणाला, "पंप लिहून देला रे. कागदात गुंडाळून दे. लोकायले दिसाले नको."

मी तो कागदात गुंडाळून दिला. "सकाळ-संध्याकाळ दोन दोन" एवढं सांगितलं. त्या पंपातलं औषध तोंडात राहिलं तर घसा खराब होतो, म्हणून प्रत्येक वेळी चूळ भरायची, गुळण्या करायच्या, हे मला पाठ होतं. खोक्यातल्या पत्रकावर लिहिलेलंही असतं. शिवाय पंप दाबायचा आणि श्वास आत ओढायचा, दोन्ही एकाच क्षणी, हे शिकवण्यासाठी कंपनीनं दिलेला रिकामा पंप माझ्या ड्रॉवरमध्ये पडून होता. तो मी काढला नाही. कारण तो लाजत होता, आणि त्याची लाज लवकर संपावी म्हणून मीही घाई केली. मित्राला काय शिकवायचं, असंही वाटलं असेल. आता आठवायला गेलं की कारणं पुष्कळ सापडतात...

तीन-चार महिन्यांनी त्याचा आवाज फाटला. घोगरा, मधूनच नुसती हवा. "माहा गळा बसून राहिला नान्या. या पंपानंच बसला. आवाज गेला तर मी काय करू, झेरॉक्सचं दुकान टाकू?" त्या दिवशी तरी मी गुळण्यांचं बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "डॉक्टरले दाखव." त्यानं दाखवलं नाही. पंप बंद करून टाकला.

मग लग्नसराई आली आणि खोकला वाढला. डॉक्टरांनी पाच दिवसांसाठी छोट्या पांढऱ्या गोळ्या लिहून दिल्या. स्टेरॉइडच्या. पाच दिवस, त्यापुढे नाही, असं स्पष्ट लिहिलं होतं. तिसऱ्या दिवशी दिगंबर दुकानात आला तो गात आला. "जादू आहे रे! कालच्या लग्नात पाची अष्टकं म्हटली. एका दमात." सहाव्या दिवशी तीच चिठ्ठी घेऊन आला. मी पुन्हा पाच दिवसांच्या दिल्या. पुढच्या महिन्यात पुन्हा. चिठ्ठी घड्यांवर फाटायला लागली तशी त्यानं ती लॅमिनेट करून आणली, आधार कार्डासारखी. आम्ही दोघं पोट धरून हसलो. त्यानंतर ती दाखवायचीही गरज उरली नाही. तो दारात दिसला की माझा हात आपोआप त्या खणाकडे जायचा.

अशा पट्टीवर लाल रेघ असते. चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही, याची खूण. अनोळखी माणसानं येऊन मागितलं असतं तर मी दिलं नसतं. दिगंबरला पाच वर्षं दिलं.

त्याचा चेहरा गोल झाला. गाल वर आले. लोक म्हणायचे, महाराज, तब्येत सुधारली. वहिनींनाही बरं वाटायचं. आयुष्यभर काटकुळा असलेला नवरा भरलेला दिसायला लागला होता. मला मात्र तो चेहरा कशानं गोल झाला ते कळत होतं. पुस्तकात चित्रासकट शिकलो होतो. साखर वाढली तेव्हा साखरेच्या गोळ्याही माझ्याकडूनच गेल्या. दोनदा-तीनदा मी म्हणालो, "एकदा छातीच्या डॉक्टरले दाखवून घे, अमरावतीले मृणाल आहेच." मृणाल त्याची मुलगी, लग्न होऊन तिकडे असते. तो म्हणायचा, "सराई होऊ दे." आणि सराई संपली की, "आता तर बरा हाओ मी." मी विषय सोडून द्यायचो. खरं सांगायचं तर मला तो विषय सुटलेला आवडायचा. छातीचा डॉक्टर म्हणजे कुणीतरी विचारणार, इतकी वर्षं ही गोळी दिली कुणी.

एका वास्तुशांतीला समिधांची मोळी उचलायला तो वाकला आणि पाठीत कट्कन आवाज झाला. मणका दबला होता. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो पाहिला, औषधांची यादी पाहिली आणि सांगितलं, पाठीचं मी बघतो, पण आधी छातीच्या डॉक्टरकडे जा. हाडं या गोळ्यांनी पोखरली आहेत.

मीच गाडी काढली. मूर्तिजापूर, बडनेरा करत दुपारी बाराला पोहोचलो. ओपीडीत ही गर्दी. विटांच्या भट्टीवरचे, कापसाच्या जिनिंगमधले, चुलीपुढं आयुष्य गेलेल्या बाया. सगळ्यांचे खांदे दिगंबरसारखे वरखाली. डॉक्टर मॅडम चाळिशीच्या असतील. त्यांनी आधी काही तपासलं नाही. "जे जे घेता ते सगळं टेबलावर काढा," म्हणाल्या. दिगंबरनं पिशवी उलटी केली. त्यात तो जुना पंपही निघाला. "घेऊन दाखवा," मॅडम म्हणाल्या. दिगंबरनं तोंड उघडलं, पंप दाबला. फवारा जिभेवर बसला, थोडा मिशीवर, आणि मग त्यानं श्वास घेतला. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "काका, हे औषध छातीत कधी गेलंच नाही. गळ्यातच राहिलं. म्हणून गळा बसला." त्यांनी ड्रॉवर उघडून रिकामा पंप काढला आणि शिकवायला सुरुवात केली. अगदी तसाच पंप. माझ्या ड्रॉवरमध्ये होता तसा.

मग फुंकायची तपासणी. नळी तोंडात धरायची, छाती भरून श्वास घ्यायचा आणि एका दमात सोडत राहायचं. समोर बसलेली मुलगी ओरडत होती, "फुंका काका, फुंका, फुंका, थांबू नका, अजून, अजून!" ज्यानं आयुष्यभर मांडव एका दमावर पेलला तो माणूस चार मोजेपर्यंत संपला. परत केलं. परत तेच. तिसऱ्यांदा त्यानं नळी काढली आणि त्या मुलीला म्हणाला, "बेटा, आता यापुढचं तूच म्हण." तिला काही कळलं नाही. मला कळलं. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो.

परत आत गेलो तेव्हा मॅडम विचारत होत्या, "या गोळ्या इतकी वर्षं तुम्हाला कोण देतं?" मी भिंतीवरचं फुप्फुसाचं चित्र बघत होतो. दिगंबर म्हणाला, "मागितल्या की मिळतात मॅडम." तो खोटं बोलला नाही आणि माझं नावही घेतलं नाही. मी तिथं दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. तोंड उघडलं असतं तर झालं असतं. नाही उघडलं.

येताना मूर्तिजापूरला चहाला थांबलो. बराच वेळ तो संत्र्यांच्या भावाबद्दल बोलत राहिला. मग कप खाली ठेवून म्हणाला, "नान्या, एकदा तरी तू मले नाही म्हणायले पाहिजे होतं."

मी म्हणालो, "तूच तर मागत होता."

"मी तर मागणारच ना बाप्पा. मले लग्न दिसत होतं. पण लाल रेघ तर तुले दिसत होती." रागावून नाही म्हणाला. एखाद्याच्या पत्रिकेतला दोष दाखवावा तसं म्हणाला आणि चहाचे पैसे द्यायला उठला.

पुढच्या खेपेला मी मॅडमना एकटा भेटलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवून ऐकून घेतलं. म्हणाल्या, "सांगितलंत ते बरं केलंत. आता एक करा. तुमच्या दुकानातून पंप घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाला एकदा 'घेऊन दाखवा' म्हणा. माझ्याकडे पोहोचेपर्यंत फार उशीर झालेला असतो." मी हो म्हटलं. महिनाभर केलंही. नंतर गर्दीत राहून गेलं.

त्यानंतरचा दीड-पावणेदोन वर्षांचा काळ मात्र चांगला गेला, हे लिहायलाच हवं. गोळ्या एकदम तोडता येत नाहीत, शरीराला त्यांची सवय झालेली असते, म्हणून मॅडमनी त्या हळूहळू उतरवत आणल्या आणि मग बंद केल्या. पंप लांब प्लास्टिकच्या भांड्यातून घ्यायचा, म्हणजे जिभेवर बसत नाही. लसी झाल्या. मृणालनं श्वासाचे व्यायाम बसवून घेतले. होम बंद. गुळण्यांना दिगंबर आचमन म्हणायचा. पंप झाला की तीनदा आचमन, नाव घेऊन. वहिनी म्हणायच्या, देवाला हसता का, तर म्हणायचा, "देवालेच सांगून राहिलो, अजून आहे मी." चेहऱ्याची सूज उतरली, शाळेतला दिगंबर परत दिसायला लागला. आणि आवाज आला. पूर्वीचा नाही, पण त्याचाच. दर तीन महिन्यांनी आम्ही अमरावतीला जायचो. ते जाणं मला आवडायला लागलं होतं. इतक्या वर्षांत आम्ही दोघं असे तासन्‌तास बोललोच नव्हतो, काउंटरच्या अलीकडून-पलीकडूनच बोललो होतो.

दिवाळीनंतरच्या खेपेला मॅडमनी नवीन चिठ्ठी लिहिली. दिगंबरला त्या काहीतरी समजावून सांगत होत्या, मी गाडी काढायला बाहेर गेलो होतो. दुकानात येऊन चिठ्ठी वाचली तर सगळ्यात खाली तीच गोळी. त्याच पांढऱ्या गोळीची एक पट्टी, पुढे लिहिलेलं, 'जवळ ठेवा. कफ बदलला, दम वाढला तर सुरू करा आणि फोन करा.' मी गोळीचं नाव वाचलं आणि पुढचं वाचूनही वाचलं नाही. आता नाही, असं मनात म्हटलं. एकदा हा माणूस माझ्या हातानं पोखरला गेला, दुसऱ्यांदा नाही. बाकीची औषधं पाकिटात घातली आणि पट्टी घातली नाही. मॅडमना फोन करून विचारायला दोन मिनिटं लागली असती. तेवढा प्रश्नही पडला नाही, कारण आपण आता शहाणे झालो आहोत असं मला वाटत होतं.

माघात माझ्या मुलीचं, केतकीचं लग्न होतं. त्याच आठवड्यात अमरावतीची तारीख होती. ती मीच पुढं ढकलली. "लग्न होऊ दे, मग जाऊ," मी म्हणालो. वर्षानुवर्षं तो मला जे सांगायचा तेच. लग्न दुसऱ्या महाराजांनी लावलं, पण एक अष्टक दिगंबर म्हणणार हे केतकी पाळण्यात होती तेव्हापासून ठरलेलं होतं. तो माझ्या मुलीच्या मागे, तिच्या मामाच्या शेजारी उभा राहिला. चार ओळी म्हटल्या. दोन ठिकाणी श्वास घेतला, पण कुणाला कळू न देता. शेवटच्या 'सावधान'ला पंगतीतला एक वाढपी थांबला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. त्या दिवशी मांडवात धूळ होती, गर्दी होती, आणि निम्मी गर्दी खोकत होती.

चौथ्या दिवशी, रविवारी, दुपारी त्याचा फोन आला. पाहुणे अजून घरात होते, दुकान अर्ध्या दिवसासाठी उघडलं होतं. "नान्या, ताप आहे थोडा. कफ पिवळा पडून राहिला. ती पांढरी गोळी पाहिजे होती रे."

मी म्हणालो, "नाही."

"नाही?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, "या वेळेस नाही दिगंबर. उद्या मॅडमले फोन करू, त्या म्हणतील तर देईन."

तो हसला. खोकत खोकत हसला. "आत्ता शिकला काय तू..." म्हणाला. मॅडमनीच सांगितलं आहे, चिठ्ठीत लिहिलं आहे, असं तो बोलला नाही. का बोलला नाही, हे मी आता रोज स्वतःला विचारतो. रविवारी मॅडमना कशाला त्रास, म्हणून त्यानं त्यांनाही फोन केला नाही. फोन ठेवल्यावर मला, काय सांगू, अभिमान वाटला. मूर्तिजापूरच्या चहाचं कर्ज फेडल्यासारखं वाटलं. सोमवारी सकाळी वहिनींचा फोन आला तेव्हा त्याला एक वाक्य पूर्ण बोलता येत नव्हतं. ॲम्ब्युलन्समध्ये ऑक्सिजन लावून त्याला अमरावतीला नेलं.

तो गेल्यावर आठ दिवसांनी मी मॅडमना विचारलं, "ती पट्टी मी दिली असती तर?" त्या म्हणाल्या, "सांगता येत नाही. वेळेवर सुरू झाली असती तर कदाचित ॲडमिट करायची वेळ आली नसती. कदाचित आलीही असती, त्यांची फुप्फुसं किती उरली होती ते तुम्ही पाहिलंय. पण चिठ्ठीतली ओळ आपल्या मनानं गाळायची नसते. वाढवायचीही नसते. शंका आली तर विचारायचं." याहून कठोर बोलल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

आता दुकानात काउंटरच्या या बाजूला एक खुर्ची ठेवली आहे. पंप न्यायला जो येतो त्याला मी बसवतो आणि म्हणतो, घेऊन दाखवा. गर्दी असली तरी. लोक चिडतात, लाजतात, काही निघूनही जातात. दहातले किती बरोबर घेतात ते मी सांगणार नाही, ऐकवणार नाही तुम्हाला.

चौदावा झाल्यावर मी वहिनींकडे गेलो होतो. मृणाल आली होती. देवघराच्या खोलीत बसलो. दिगंबरच्या बैठकीचं पाट-आसन उचलून ठेवलं होतं. वहिनींनी भिंतीतलं कपाट उघडलं, त्यात पंप, ते प्लास्टिकचं भांडं, आचमनाचा पेला, सगळं ओळीनं. "यातलं कुणा गरजूच्या कामाला येईल ते घेऊन जा," त्या म्हणाल्या. मी बघायला लागलो तर दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला. दिगंबर पूजेच्या सामानाची यादी यजमानांना लिहून द्यायचा, हळद-कुंकू, सुपाऱ्या अकरा, तसा, त्याच्या त्या वळणदार अक्षरात:

'१. कफ पिवळा किंवा हिरवा, दम नेहमीपेक्षा जास्त: वाट पाहू नये.
२. पांढऱ्या गोळ्या, सकाळी खाऊन, पाच दिवस. त्यापुढे नाही.
३. मॅडमना फोन.
४. गोळ्या नाना देईल.'

मी वहिनींना विचारलं, रविवारी फोन झाल्यावर तो काय म्हणाला. त्या म्हणाल्या, "म्हणाले, नानाचं दुकान आज बंद आहे. मी म्हटलं, मग कोपऱ्यावरच्या दुकानातून आणते, तर नको म्हणाले. नाना उद्या देईल, त्यालाच माहीत आहे कोणती ती."

मग मी त्यांना सांगितलं. दुकान उघडं होतं, तो फोन मीच घेतला होता आणि मीच नाही म्हणालो होतो. पट्टी पाकिटात न घातल्याचंही सांगितलं. हे छापून यायच्या आधी त्यांनी ते माझ्या तोंडून ऐकायला हवं होतं. वहिनींनी त्या कागदाचा सुटलेला कोपरा अंगठ्यानं दाबून बसवला. मृणाल उठून आत गेली. मग वहिनी म्हणाल्या, "मला सांगितलं असतं त्यांनी, तर मी गेले असते हो दुसऱ्या दुकानात." एवढंच. आणि थोड्या वेळानं, "चहा घेऊन जा भाऊजी."

गेल्या आठवड्यात पुन्हा गेलो. कपाट रिकामं झालं आहे, कागद मात्र वहिनींनी काढलेला नाही. उजेड चांगला होता म्हणून त्या दिवशी नीट दिसलं. पहिल्या तीन ओळी निळ्या शाईच्या आहेत. चौथी काळ्या शाईची, नंतर कधीतरी लिहिलेली. म्हणजे पाकिटात ती पट्टी नाही हे त्याच्या लक्षात आलं होतं. त्यानं तेव्हा मला विचारलं नाही, आठवण केली नाही, रागावला नाही. फक्त यादीत एक ओळ वाढवली...